जावयाच्या नावाची डबी

मामी तुपाची वाटी आणायला आत वळल्या आणि माझ्या ताटातला एक धोंडा नाहीसा झाला.

मी आधी ताटात पाहिलं, मग ताटाच्या आजूबाजूला पाहिलं. मांजर कुठे दिसेना. शेजारच्या पाटावर माझे सासरे, सोपानमामा वाघमोडे, मान खाली घालून कारल्याच्या भाजीत भाकरी कुस्करत होते. चेहरा अगदी गरीब गाईचा. फक्त डावा गाल जरा वर आला होता आणि तो हलत होता. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी, आमच्या भागात तशीच पद्धत आहे.

"आगं बया, संपला बी एक?" मामी तूप घेऊन आल्या आणि हरखून गेल्या. "घ्या घ्या, लाजू नगा. जावई जेवला तर धोंड्याच्या महिन्याचं पुण्य!" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन टाकले, वर तुपाची धार सोडली आणि पोळी बघायला पुन्हा आत गेल्या.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझं ताट बोटभर त्यांच्या बाजूला सरकवलं. बस्स, तेवढ्यात आमचा करार झाला.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून घालायचे आणि जाताना तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. जावई म्हणजे साक्षात नारायण. आणि देव म्हटल्यावर त्याच्या पोटाला झेपतंय का, हे कोण विचारणार? लग्नानंतरचा माझा हा पहिलाच अधिक, त्यामुळे मामींनी मला आठवडाभरासाठी करमाळ्याला बोलावून घेतलं होतं.

माझी अडचण वेगळी होती. होळीच्या सुमारास मला टीबी निघाला होता. इंदापूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तिथल्या दवाखान्यातल्या माने सिस्टरांनी गोळ्या चालू केल्या आणि लगेच बोटाला टोचून साखरही तपासली. मी म्हटलं, सिस्टर, खोकल्याचा आणि साखरेचा काय संबंध? त्या म्हणाल्या, "नवनाथ, हे दोघं व्याही-व्याही आहेत. एकाच्या घरी कार्य निघालं की दुसरा न बोलावता हजर. साखर असलेल्याला टीबी चटकन धरतो आणि टीबी आला की साखर वर चढते. म्हणून ज्याला एक आहे त्याचं दुसरंही बघायचं." माझी साखर काठावर निघाली. म्हणजे अजून घरात शिरली नव्हती, पण दाराशी येऊन चपला काढत होती. गोड बंद, भात कमी, रोज चालायचं, असा हुकूम निघाला.

हे सगळं सासुरवाडीला सांगायची सोय नव्हती. मामांच्या थोरल्या भावाला फार पूर्वी टीबी झाला होता. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून त्या घरात त्या दुखण्याचं नाव कोणी काढत नसे. अगदीच वेळ आली तर "तो रोग" म्हणायचे, तेही आवाज खाली आणून. म्हणून माझ्या बायकोने, रोहिणीने, माहेरी सांगून ठेवलं होतं की ह्यांना निमोनिया झाला होता. मामींनी त्यातून एवढाच अर्थ काढला की जावई वाळलाय, त्याला भरवला पाहिजे.

आणि मामांची अडचण बरोबर उलटी. त्यांना बारा वर्षं साखर. मामींनी घरातला गूळ, साखर, अगदी खारकासुद्धा लोखंडी कपाटात कुलूपबंद केल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला असे. मामा एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक होऊन रिटायर झाले. सबंध स्टँड त्यांच्या शिट्टीवर हलायचं, पण स्वतःच्या घरात त्यांना चहात साखर मिळत नव्हती. त्यामुळे मला नको असलेलं ताट आणि त्यांना हवं असलेलं ताट एकाच ओळीत आलं तेव्हा आम्हाला दोघांनाही देव पावला असंच वाटलं.

पहिले काही दिवस मजेत गेले. मामींची पाठ वळायची खोटी, की मामांचा हात माझ्या ताटात. वर्षानुवर्षं गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडलेला हात तो! मी कौतुकाने बघत बसायचो. मामी मला म्हणायच्या, "तुमी आल्यापास्नं घर कसं भरल्यावानी वाटतंय." मामा त्यावर गंभीरपणे मान हलवायचे.

मग एकदा मामा मला त्यांची पँट दाखवायला लागले.

"पाव्हणं, ही बगा. लग्नातली हाय. आता परत बसाय लागली." आणि पट्टा ओढून दाखवला. पट्ट्याला चाकूने नवी भोकं पाडली होती. "लोकं जिमला पैसे घालत्यात. आमी नुसत्या कारल्यावर उतरवलं."

मी हसलो, पण हसता हसता माझ्या मनात काहीतरी खटकलं. नुसत्या कारल्यावर नव्हतं ना ते! माझ्या ताटातले धोंडे कुठे जात होते हे मला माहीत होतं. एवढं गोड खाऊन माणूस वाळतो कसा? त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे नीट बघायला लागलो. संध्याकाळ झाली की भर मे महिन्यात ते पंखा बंद करायला सांगायचे आणि चादर ओढायचे. सकाळी त्यांचा बनियन पाठीला चिकटलेला असायचा. आणि खोकला. त्याला ते "अनाउन्समेंटचा घसा" म्हणायचे, पण स्टँडवरची अनाउन्समेंट सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती.

हे सगळं मी दोन-तीन महिन्यांपूर्वी स्वतः केलं होतं. पंखा बंद, ओला बनियन, सैल पँट, आणि "काही नाही हो, घसा धरलाय." माझी खात्रीच पटली.

रोहिणीला मी अंगणात गाठून सांगितलं. ती धुणं पिळत होती.

"अहो, ते दवाखान्यात येणार नाहीत," ती म्हणाली. "मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता साखरेसाठी इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की स्टँडवर जाऊन बसतात. आणि ह्या रोगाचं नाव घेतलंत तर... काकांच्या वेळेपासून त्यांनी धसका घेतलाय. ते पळून जातील, नाहीतर भिऊनच मरतील."

"मग?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आप्पांना स्वतःच्या भल्याचं काही सांगितलं की पटत नाही. पण दुसऱ्यासाठी काही वाकडं करायचं असेल तर ते सगळ्यात पुढे."

बायको बापाला पुरती ओळखून होती. आमचा बेत तिथेच, ओल्या चादरीच्या आडोशाला ठरला.

पण त्याआधी धोंडे थांबवणं भाग होतं. त्या दुपारी मामी आत वळल्या आणि मामांचा हात आला, तसा मी ताट उचलून मांडीवर घेतलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर रस्त्यात त्यांची टोपी उडवली. मला तर ते खायचे नव्हते आणि मामींना नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी रोहिणीने पाणी वाढायच्या निमित्ताने वाकून दोन धोंडे आपल्या पदरात घेतले. तिच्या पर्समध्ये त्या दिवसापासून पुरणाचा वास यायला लागला. मामा माझ्याशी बोलेनात. रात्रीच्या जेवणाला मला ऐकू जाईल असं भाकरीला म्हणाले, "हल्लीचे जावई. भरोसा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवरच्या त्यांच्या बाकावर गाठलं. रिटायर झाले तरी रोज तिथे जाऊन ते नव्या ड्रायव्हरांना गाडी कुठे लावायची ते सांगायचे. कोणी ऐकत नसे, पण नमस्कार सगळे करायचे. मी शेजारी बसलो.

"मामा, एक अडचण आहे. तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही."

रुसवा जरा सैल झाला. "पैशाची का?"

"नाही. मला निमोनिया नव्हता झाला. मला टीबी झालाय. गोळ्या चालू आहेत."

मामा बाकावर सरकले. लांब सरकले. त्यांनी ते ठरवून केलं नाही, त्यांचं अंगच सरकलं. मी तसाच बसून राहिलो. समोर बार्शीची गाडी मागे घेत होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्या तुमच्या ताटातलं खाल्लं," ते हळूच म्हणाले.

"ताटातून नाही होत मामा. खोकल्याच्या वाऱ्यातून होतो. आणि गोळ्या सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी तोही लागत नाही. रोहिणीची तपासणी झाली, ती ठणठणीत आहे. मी दुकान चालवतो, गाडी चालवतो, तुमच्यासमोर जेवतो."

मग म्हणाले, "आमच्या थोरल्याला मिरजंला ठेवलं हुतं. सगळी म्हणायची, जाऊन भेटून ये. एसटीत हुतो, पास फुकट. न्हाई गेलो. भ्या वाटलं मला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तुमी हितं बसून धडधाकट बोलताय, आन् त्यो गेला."

मामा बाकावरून परत माझ्याजवळ सरकले आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या क्षणी मला त्यांच्याशी खोटं बोलायचं अगदी जिवावर आलं. पण बेत ठरला होता.

"बोला, अडचण काय?"

"दोन महिने झाले की दवाखान्यात थुंकी तपासायला द्यावी लागते. आता मी बरा होत आलोय, तर माझी येतच नाही. कितीही खोकलो तरी नुसती लाळ. न देऊन चालत नाही. तुमच्या खोकल्याला मात्र चांगली येते."

मामांच्या चेहऱ्यावरचं सगळं दुःख हळूहळू निथळलं आणि खाली जे निघालं ते बघून मला रोहिणीचं म्हणणं पटलं.

"म्हंजी, माझी द्यायची? तुमच्या नावावर?"

"हो."

"डुप्लिकेट?"

"हळू बोला की."

मामांनी इकडे तिकडे पाहिलं. "पाव्हणं, सबंद नोकरी फुकटे पकडण्यात गेली. शेळी काखंत धरून आलेला फुकट्या पकडलाय मी. आता एकदा फुकट्या हून बगू. कदी पायजे?"

"उद्या सकाळी. उठल्या उठल्या."

"देतो. एक नंबर माल देतो."

सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. डबी मी आधीच आणून ठेवली होती. चूळ भरा, खोल श्वास घ्या, घशातून नको, छातीतून काढा, असं मी सांगत होतो आणि मामा एखाद्या सरकारी कामाला लागावं तसे गंभीरपणे करत होते. एकदा खोकले, दोनदा खोकले, तिसऱ्यांदा असे खोकले की कठड्यावरची कबुतरं उडाली. मग डबीत पाहून त्यांनी समाधानाने झाकण लावलं. मी मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला, त्यांच्यापासून हातभर लांब उभा होतो.

आणि नेमक्या मामी कुरडयांचा चीक घेऊन जिन्यातून वर आल्या.

दोन पुरुष सकाळी सकाळी गच्चीच्या कोपऱ्यात पाठमोरे उभे, एकाच्या मुठीत डबी. बारा वर्षांच्या पहाऱ्यानंतर त्या बाईला दुसरं काय वाटणार?

"काय खाताय?"

मामांनी हात पाठीमागे नेले.

"हात दावा."

मामांनी डावा हात दाखवला.

"दुसरा."

मामांनी डबी डाव्या हातात घेऊन उजवा दाखवला. नातवंडं खेळवायच्या वयाचा हा माणूस!

"गूळ हाय ना? जावईबापूंच्या आडून गूळ खाताय? आन् तुमी वो जावईबापू, तुमाला तर मी देवमाणूस समजत हुते!" मामींनी पातेलं खाली ठेवलं, थेट मामांच्या पाठीमागे गेल्या आणि डबी हिसकावली. डबी पारदर्शक होती. झाकण काढायची गरजच पडली नाही.

"आई आई गं! ह्ये काय?"

मी तोंड उघडलं. आता सगळं सांगून टाकावं असं मला वाटलं, कारण मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पण मामांनी मला हाताने मागे सारलं आणि ते पुढे झाले.

"माझी थुंकी हाय ती."

"तुमची?"

"माझी. खोकला जाईना झालाय. जावईबापू म्हणले, द्या, दवाखान्यात तपासून आणतो. म्हणून दिली." आणि मामींच्या नकळत त्यांनी मला डोळा मारला. काळजी करू नका, तुमचं नाव मी बाहेर येऊ देणार नाही, असं तो डोळा सांगत होता.

मी गारच पडलो. मला झाकायला म्हणून मामा धडधडीत खोटं बोलायला निघाले होते आणि त्यांच्या तोंडून शब्द न् शब्द खरा बाहेर पडला होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मामी कठड्यावर टेकल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "किती दिस झालं सांगतीया, दवाखान्यात चला, चला. माझं ऐकलं न्हाई. जावयाचं ऐकलं. ऐकलं तरी!" त्यांनी पदराने डोळे टिपले आणि उठल्या. "थांबा. कुरडया ऱ्हाऊ द्यात. मी बी येते."

मामांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला.

सहा आसनी रिक्षात मामी पुढच्या सीटवर बसल्या, आम्ही दोघं मागे. तोंडाला रुमाल बांधून घ्या, असं मी मामांना सांगितलं, तर तेवढंही त्यांना बेतातलंच वाटलं. रुमालाआडून ते कुजबुजले, "पाव्हणं, घोटाळा झाला. हिच्यासमोर आता माझंच नाव पडणार. तुमचं कसं?"

"कागदावरचं नाव मी नंतर बदलून घेतो. तुम्ही निभावून न्या."

"निभावतो. काय वाट्टेल ते झालं तरी तुमचं नाव यायचं न्हाई माझ्या तोंडातनं."

मी बाहेर बघत राहिलो.

दवाखान्यात तांबोळी नावाचे तपासनीस होते. आदल्या दिवशी मी त्यांना भेटून गेलो होतो, त्यामुळे मला ते ओळखत होते, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. डबीवर त्यांनी "सोपान वाघमोडे" असं ठळक लिहिलं, मामांकडून तिथल्या तिथे आणखी एक नमुना घेतला आणि मग विचारलं, "काका, शुगर आहे का?"

"हाय, पण कंट्रोलमदी!" उत्तर मामींनी दिलं. "बारा वर्सं गोडाचा कण पोटात जाऊ दिला न्हाई मी."

तांबोळींनी मामांच्या बोटाला टोचलं, थेंब घेतला आणि मशीनकडे पाहिलं. मशीन रुमालाने पुसलं, दुसऱ्या बोटाला टोचलं, पुन्हा पाहिलं.

"साडेचारशेच्या वर आहे."

"मशीन बिघडलंय तुमचं," मामी म्हणाल्या.

"काकू, आत्ताच दोघांची तपासली. बरोबर चालतंय."

"मग तुमचं बगा काय ते. किल्ली ही हितं असती, माझ्या कमरंला." मामींनी किल्ली वाजवून दाखवली. तांबोळींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं डासांचं पोस्टर वाचायला लागलो. मामा तर कधीचे वाचत होते.

निकाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तो आणायला मामा आणि मी दोघंच गेलो. मामा खुशीत होते. कुणाच्या तरी वाढदिवसाला चालल्यासारखा त्यांचा तोरा. तांबोळींनी कागद माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरांना भेटून जा. आजच गोळ्या सुरू करू. घरातल्या सगळ्यांना तपासायला घेऊन या."

मी मामांना बाहेर लिंबाच्या कट्ट्यावर बसवलं.

"मामा, टीबी निघालाय."

"च्च्." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हंजी तुमचा अजून गेला न्हाई का?"

"माझा नाही. डबी तुमची होती. नाव तुमचं. माझी थुंकी मी त्याच्या आदल्या दिवशीच तांबोळींना देऊन आलो होतो, ती स्वच्छ निघाली. मला येत नव्हती हे खोटं होतं मामा."

त्यांना समजायला वेळ लागला. हात माझ्या पाठीवर तसाच होता, पण त्यातला जोर गेला. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी शिव्या खायच्या तयारीनेच बसलो होतो. पण ते म्हणाले, "मिरजंला न्यायचं?"

इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला रडूच आलं. मी खिशातून माझ्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली. "कुठेही नाही न्यायचं. हे खायचं. घरी बसून. सहा महिने. आणि साखर खाली आणायची, नाहीतर ह्या गोळ्यांना जोर येत नाही. सुई घ्यायला लागली तर घ्यायची. मी घेऊन दाखवू का टोचून? माझ्याकडे बघा ना मामा. बघा एकदा."

त्यांनी पाहिलं. पण विश्वास बसलेला दिसेना. डॉक्टरांसमोरही ते मान हलवत राहिले, कानावर काही गेल्यासारखं वाटलं नाही. घरी येताना ते माझ्या हाताला धरून चालत होते. सकाळी तोऱ्यात निघालेला माणूस दुपारी म्हातारा होऊन परतत होता. दाराशी थांबून म्हणाले, "हिला तुमी सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई. ही खचंल."

मामी सोप्यात गहू पाखडत होत्या. मामा कोपऱ्यातल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले. रोहिणी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी एकदम सांगून टाकलं.

"मामी, मामांना टीबी झालाय."

सुपातले गहू थांबले. त्या घरात तो शब्द इतक्या वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारला नसावा. मामींचा चेहरा पांढरा पडला. मी घाईघाईने पुढे बोलत सुटलो. मलाही तोच होता, निमोनिया नव्हता, मी आता बरा होत आलोय, गोळ्या फुकट मिळतात, बरा होतो हा रोग. साखर वाढली की हा धरतो, म्हणून मामांना धरला. आणि माझी साखरही काठावर आलीय, म्हणून मलाही गोड बंद आहे.

मामींनी सूप खाली ठेवलं.

"तुमाला गोड बंद हाय?"

"हो."

"कवापास्नं?"

"दोन महिने झाले."

मामी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कॉटकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"मग माझं धोंडे कुणी खाल्ले?"

कॉटवरची पाठ थोडी आखडली.

"आवं, मी इचारतीया, धोंडे कुणी खाल्ले?" मामी उठल्या. गहू सोप्यात सांडले, त्यांना भान नव्हतं. "मशीन बिघडलंय म्हणून त्या माणसाशी भांडून आले मी! चारचौघांत किल्ली वाजवली! आन् तुमी माझ्या डोळ्याम्होरं, जावयाच्या ताटातनं? लाज न्हाई वाटली?"

"आई, अगं, टीबी..." रोहिणी म्हणाली.

"टीबीचं बगू मागनं! त्याला गोळ्या हायत, जावयाचा गेला तसा जाईल, न जाऊन कुटं जातोय! आदी मला ह्यांचा हिशोब करू दे. बारा वर्सं! बारा वर्सं मी सुदिक पोटभर गोड खाल्लं न्हाई, ह्यांच्या म्होरं कसं खायचं म्हणून. सणाला पोळी केली तर चुलीम्होरं पाठ करून चार घास गिळले. आन् तुमी! इकडं बगा! भितीकडं काय बगताय? इकडं त्वांड करा!"

त्या ओरडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मामा हळूहळू वळले. दवाखान्यापासून घरापर्यंत जो माणूस माझ्या हाताला लोंबकळत आला होता, तो मामींच्या प्रत्येक वाक्यासरशी जरा जरा ताठ होत होता. मी इतकं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, ते त्यांना पटलं नव्हतं. हे मात्र पटलं. मरायला टेकलेल्या माणसावर कोणी असं ओरडत नाही. त्यांनी पाय खाली सोडले, शर्टाचं बटण लावलं आणि रंगेहाथ पकडलेल्या फुकट्यासारखे बायकोसमोर उभे राहिले.

"किती खाल्ले?" मामींनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तीच जुनी लबाडी परत आली होती, आणि ती बघून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

"तीन," मामा म्हणाले.

चांगले डझनभर तरी होते. पण मी जावई माणूस, गप्प बसलो.